चालू, बंद, भंगार

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत जुन्या मागाचा सौदा तीन शब्दांत मावतो: चालू, बंद आणि भंगार. चालू म्हणजे वीज जोडलेली, बीम चढलेले, धोटा इकडून तिकडे धावतो आहे आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत कापड उतरते आहे. बंद म्हणजे माग जागेवर उभा आहे, पट्टा काढून ठेवलेला, अंगावर रुई आणि तेलाचा चिकटा. विकणारा शपथेवर सांगतो की बटण दाबले की सुरू होईल. आणि भंगार म्हणजे मागाचे मागपण संपले. आता फक्त वजनकाटा बोलणार, बीड वेगळे, लोखंड वेगळे, पितळ वेगळे. तिन्ही वेळा धातू तेवढाच असतो. एकाच मागाला सकाळी चालू म्हणून जो भाव मिळतो तो दुपारी फीज उडाल्यावर मिळत नाही. घेणाऱ्याला त्या घटकेला काय दिसते आणि काय ऐकू येते, त्यावर आकडा ठरतो.

या लेखात विकायचे यंत्र मात्र मागाच्या मानाने अगदी किरकोळ आहे. गवत कापायचे, हाताने ढकलायचे, ना इंजिन ना वायर, आठ-दहा किलोचे. समजा, ठाण्याहून बाळकुमवरून कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी जी गावे ओळीने लागतात, तिथल्या एका सोसायटीत हे यंत्र आहे. एके काळची भातखाचरे, आता एका अंगाला गोदामे आणि दुसऱ्या अंगाला इमारती. या सोसायटीत मागच्या बाजूला दहा-बारा रो-हाउस आहेत आणि प्रत्येकापुढे रुमालाएवढी हिरवळ. एका ताईंनी हौसेने सहा हजारांचे यंत्र फोनवरून मागवले. (मागवले तेव्हा ते बहुधा तीन-चार किलोमीटरवरच्याच कुठल्या तरी गोदामातून निघाले असणार. जकात मुंबई महापालिकेच्या हद्दीत होती आणि भिवंडीची ही गावे हद्दीबाहेर, म्हणून इथे गोदामे उभी राहिली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, गोदामे मात्र वाढतच गेली.) एका पावसाळ्यात यंत्र पाच-सहा वेळा चालले. दिवाळीनंतर दुसरी गाडी आली आणि हिरवळीवर पेव्हर ब्लॉक बसले. आता यंत्र जिन्याखाली उभे आहे आणि ताईंना ते शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी विकायचे आहे.

गवत कापायचे यंत्र आणि भिवंडी ही जोडी विजोड वाटते खरी. पण या यंत्राचे मूळ कापडाच्या धंद्यातच आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे, लोकरी कापडासाठी नावाजलेले. लोकरी कापड विणून, कुटून झाले की त्याच्या पृष्ठभागावर तंतू उभे केले जातात आणि मग ते एका उंचीवर कातरावे लागतात; नाही तर कापड मऊ दिसण्याऐवजी विस्कटलेले दिसते. पूर्वी हे काम माणसे मोठमोठ्या जड कात्र्यांनी करत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या गिरण्यांत फिरत्या रुळाचे यंत्र आले: रुळावर मळसूत्रासारखी तिरकी पाती, खाली एक स्थिर पाते, आणि दोन्हींच्या मधून सरकत जाणारे कापड.

एडविन बडिंग हा त्याच भागातला यंत्र-कारागीर. गिरणीत कापड सरकते आणि यंत्र एका जागी उभे असते. त्याने हे उलटे केले. कापडाच्या जागी जमिनीला खिळलेले गवत धरले, आणि यंत्राला चाके लावली. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळाले. जॉन फेराबी नावाच्या कारखानदाराने भांडवल घातले आणि त्याच्या ओतकामाच्या कारखान्यात ही यंत्रे बनू लागली. पहिले यंत्र १९ इंच रुंदीचे कापायचे आणि चांगलेच जड होते. एकाने मागून ढकलायचे, हवे तर दुसऱ्याने पुढून ओढायचे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालय आणि ऑक्सफर्डची कॉलेजे ही अगदी सुरुवातीची गिऱ्हाइके. १८३२पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनेही परवाना घेऊन उत्पादन सुरू केले. हवा तसा सैल-घट्ट करता येणाऱ्या स्क्रू-पान्याचे श्रेयही बडिंगलाच देतात. हा पाना पुढे लागणार आहे.

बडिंगबद्दल एक गोष्ट सांगतात. आपले यंत्र तो रात्री बाहेर काढून चालवून पाहायचा म्हणे, शेजारी वेडा म्हणतील या धास्तीने. खरे-खोटे स्ट्राउडकरांना माहीत. पण गवतयंत्राच्या इतिहासात शेजारी पहिल्या दिवसापासून हजर आहेत, हे आपल्या कामाचे.

भिवंडीच्या जुन्या माणसांना गवत कापून टाकून द्यायची कल्पना आणखी वेगळ्या कारणाने वेडेपणाची वाटेल. ठाणे जिल्ह्यातले गवत हा पैसा होता. पावसाळा संपला की विळ्याने कापायचे, वाळवायचे, भारे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांकडे पाठवायचे. आणि शहरी माणूस ज्या हरळीच्या हिरवळीवर पैसे खर्च करतो, ती हरळी म्हणजे दूर्वा. भाद्रपदात हिरवळ कापायची असेल तर आधी गणपतीपुरत्या जुड्या खुडून घ्याव्यात, एवढी सूचना यंत्राबरोबरच्या माहितीपत्रकात कुठेच नसते.

आता ताईंच्या जिन्याखालचे यंत्र ओसरीत आणू.

हे यंत्र म्हणजे मूळची कात्री. फिरणारी पाच पाती आणि खाली एक स्थिर पट्टी. चाके फिरली की त्यांच्या दातऱ्यांमधून रूळ फिरतो आणि गवताची काडी पाते व पट्टी यांच्या चिमटीत सापडून कापली जाते. इंजिनाच्या यंत्रात पाते वेगाने फिरून गवताला तडाखा मारते, म्हणून त्याची टोके फाटतात आणि दुसऱ्या दिवशी पिवळी पडतात. इथे काप स्वच्छ येतो. पण त्याची किंमत अशी की पाते आणि पट्टी यांच्यातले अंतर केसाएवढेच राहायला हवे. ते अंतर बिघडले की यंत्र दिसायला नवे आणि कामाला भंगार.

ते तपासायला वर्तमानपत्राची एक पट्टी पुरते. यंत्र उलटे करायचे, कागद पाते आणि पट्टी यांच्या मधे धरायचा आणि रूळ हाताने सावकाश पुढे फिरवायचा, बोटे लांब ठेवून. कागद कात्रीने कापावा तसा कापला गेला पाहिजे, डावीकडे, मधे आणि उजवीकडे. एकाच बाजूला कापतो आणि दुसरीकडे नुसता दुमडतो, तर अंतराचे स्क्रू सारखे नाहीत. दहा मिनिटांचे काम. प्रत्येक पात्याच्या वेळी एका ठरावीक जागीच अडकतो, तर खालच्या पट्टीला तिथे खाच आहे, बहुधा हिरवळीत दडलेल्या खडीची करणी. पाच पात्यांपैकी एकाच्याच वेळी कापत नाही, तर ते पाते वाकले आहे, आणि मग सौदा जपून करायचा. यंत्राच्या पोटात काय आहे हे रुपयाभर किमतीचा कागद सांगतो आणि दोन्ही पक्षांना एकाच वेळी सांगतो. अशी तपासणी फार थोड्या जुन्या वस्तूंच्या नशिबी असते.

मग चाके. यंत्र मागे ओढले की रूळ फिरू नये, नुसता कट-कट आवाज यावा. पुढे ढकलले की लगेच पकड यावी. आत एक छोटी खुट्टी असते, ती दात्यात अडकते आणि सुटते. ती झिजली किंवा चिखलाने चिकटली तर चाक फिरते पण रूळ ढिम्म राहतो. दाते धातूचे आहेत की प्लास्टिकचे, हेही झाकण काढून पाहावे.

राहिला गंज. कोकणाच्या हवेत एक पावसाळा काढलेल्या पोलादावर तांबूस छटा नसेल तर मी उलट दोन प्रश्न जास्त विचारीन. वरवरचा गंज जातो. गॅरेजमध्ये इंजिनाच्या व्हॉल्व्हसाठी घासायची जी पेस्ट मिळते ती पात्यांना लावायची आणि रूळ थोडा वेळ उलटा फिरवायचा. पाती आणि पट्टी एकमेकांना घासून धार धरतात. ताजा रंग मात्र काळजीचा. जुन्या मागावर नवा रंग दिसला की जाणता कारखानदार रंगाकडे न बघता रंगाखालचे सांधे बघतो.

विकणाऱ्याने आपण होऊन सांगायची गोष्ट वेगळीच आहे. हे यंत्र भिवंडीच्या जुलैला पुरे पडत नाही. आठवडाभर धो-धो पाऊस लागला, कुणी बाहेर पडले नाही आणि गवत वीतभर वाढले, की ते या यंत्रापुढे आडवे होते आणि यंत्र गेल्यावर पुन्हा उभे राहते. दर आठ-दहा दिवसांनी कापत राहील त्यालाच ते उपयोगी. हा दोष यंत्राच्या जातीचा आहे, ताईंच्या यंत्राचा नाही. पण घेणारा तो ताईंच्याच नावावर टाकणार. म्हणून तो आधीच सांगितलेला बरा. सांगितल्याने भाव पडतो असे वाटते. त्याचे काय होते ते पुढे पाहू.

त्याआधी थोडे मागांकडे वळायला हवे. जुने यंत्र घेऊन ते जगवण्याची विद्या या शहराला कुठून आली, हे कळल्याशिवाय ताईंचा सौदा कळायचा नाही.

मुंबईत पहिली कापडगिरणी काढली ती कावसजी नानाभाई दावर यांनी, १८५४ साली. पुढची शंभर वर्षे गिरण्या वाढल्या, आणि त्यांचे माग जुने होत गेले. गिरणीच्या हिशोबात झिजलेला माग म्हणजे अडगळ. खाडीपलीकडच्या भिवंडीत हातमागावर बसणाऱ्या विणकराच्या हिशोबात तोच माग म्हणजे भांडवल. इथले मोमीन विणकर, नंतर तेलंगणातून येऊन पद्मानगरला वसलेले पद्मशाली, यांच्या हाताला सुताची ओळख होतीच. लोखंडाची ओळख त्यांनी गिरण्यांच्या टाकाऊ मागांवर करून घेतली. भारतात यंत्रमागाचा धंदा ठिकठिकाणी असाच उभा राहिला, गिरणीने मोडीत काढलेल्या मागांवर. नवा माग परवडत नव्हता, म्हणून जुना घेतला. जुना सतत बिघडे, म्हणून बिघाड ओळखणारा माणूस तयार झाला. त्याला जॉबर म्हणतात. कारखान्यात वीस-पंचवीस माग एकदम खडखडत असताना त्यातला एक चुकतो आहे हे त्याला कानाने कळते. आपल्यासारख्याला तिथे दोन मिनिटे उभे राहून शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या थांबल्या तरी गिऱ्हाइकाला कापड लागतच होते, आणि ते भिवंडीत विणले जाऊ लागले. मागावर विणलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का मारून विकण्याची रीत संपाआधीपासूनची होती, संपाने तिला जोर आला. एका अर्थी गिरण्यांनी आधी आपले माग विकले, मग काम विकले, आणि नावही उसने दिले.

जुन्या यंत्राबद्दल सरकारही एकदा फार नेमके बोलले आहे. १ एप्रिल १९९९ला वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना सुरू झाली. तिच्यात परदेशातून आणलेल्या जुन्या बिनधोट्याच्या मागांनाही जागा होती. अट अशी की माग दहा वर्षांहून जुना नको आणि त्याचे निदान दहा वर्षांचे आयुष्य उरलेले हवे. किती वर्षे झाली हे कागदावरून कळते. किती उरली हे कोण सांगणार? आपल्याकडे माणसाचे उरलेले आयुष्य ज्योतिषी सांगतात, मागाचे सनदी अभियंत्याने सांगायचे. पण प्रश्न अगदी बरोबर विचारला होता. जुन्या वस्तूचे वय आपण सगळेच विचारतो आणि उरलेल्या वर्षांबद्दल विचारायचे राहून जाते. पुढे १ एप्रिल २०१७ला केंद्राने यंत्रमागांसाठी 'पॉवरटेक्स इंडिया' ही योजना भिवंडीतूनच जाहीर केली. तिच्यातला एक भाग साध्या मागाला तिथल्या तिथे सुधारण्याचा होता, धागा तुटला की माग आपोआप थांबेल असे जोड बसवायचे. म्हणजे बंदला चालू करायचे आणि चालूचे आयुष्य वाढवायचे.

ते सगळ्यांना जमले नाही. सुताचे भाव, विजेची बिले, न उठणारा माल, यांत कित्येक कारखानदारांनी गेल्या काही वर्षांत साधे माग किलोवर विकले. ज्या मागांनी घर चालवले ते भंगाराच्या टेम्पोत चढताना पाहिलेले लोक या शहरात गल्लोगल्ली आहेत. जुन्या यंत्राचा तळाचा भाव किती असतो, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

ताईंच्या यंत्रालाही असा तळ आहे. आठ-दहा किलो लोखंड आणि बीड, भंगारवाला देईल ते दोन-अडीचशे रुपये. माथा आहे सहा हजार, नव्याचा भाव. सगळी घासाघीस या दोन आकड्यांच्या मधली. पण हा मधला प्रदेश एवढा मोठा का असतो?

याचे उत्तर शोधणारा माणूस जॉर्ज अकरलॉफ. त्याचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा निबंध १९७० साली छापून आला. त्याआधी तीन नामांकित नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. विषय क्षुल्लक आहे, असेही एक कारण मिळाले. २००१ साली त्याला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. निबंधाच्या नावात लिंबू आहे, कारण अमेरिकी बोलीत फसव्या, सतत बिघडणाऱ्या गाडीला लिंबू म्हणतात. आपण नव्या गाडीला मिरच्यांबरोबर लिंबू बांधतो ते गाडी तशी निघू नये म्हणून. दोन्ही देशांची लिंबे एकाच भीतीची.

त्याचे म्हणणे आपल्या यंत्रावर बसवून पाहू. समजा, भागात अशी दहा जुनी यंत्रे विकायला आहेत. पाच चांगली, खरी लायकी चार हजारांची. पाच बिघडलेली, लायकी एक हजाराची. कोणते कोणते हे मालकांना ठाऊक, घेणाऱ्याला नाही. तो शहाणा असेल तर मधला आकडा धरून अडीच हजार बोलेल. चांगल्या यंत्राचा मालक म्हणेल, एवढ्यात कशाला देऊ, जिन्याखाली राहू दे. बिघडलेल्याचा मालक आनंदाने पुढे येईल. दोन-चार सौदे झाले की घेणाऱ्यांना कळते की अडीच हजारांत मिळते ते भंगारच. मग भाव हजारावर येतो. शेवटी बाजारात चांगली यंत्रे उरतच नाहीत. लबाडी न करणाऱ्याचेही नुकसान लबाडाच्या निव्वळ शक्यतेने होते.

याच निबंधात अकरलॉफने भारतातल्या गृहिणीचा उल्लेख केला आहे. बाजारातून आणलेल्या तांदळात त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि ते तिला निवडत बसावे लागते. नोबेलच्या यादीत आपल्या आज्या सुपासकट गेल्या आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. सुपात तांदूळ घेऊन उजेडाला बसणे हा त्या व्यवहारातला अदृश्य खर्च, आणि तो नेहमी घेणाऱ्या घरातल्या बाईच्या डोळ्यांनी भरला.

स्पेन्सने पुढचा प्रश्न घेतला: चांगला माल असणाऱ्याने तो चांगला आहे हे पटवायचे कसे? नुसते सांगून भागत नाही, कारण लबाडही तेच सांगतो. असे काही करावे लागते, जे चांगल्या मालाच्या मालकाला स्वस्त पडते आणि वाईट मालाच्या मालकाला महाग. चालू माग दाखवणे हे त्याचेच रूप. 'आठ दिवस घेऊन जा, आवडले तर पैसे द्या' हेही. यंत्र खरेच चालत असेल तर या वाक्याला काही खर्च नाही. बिघडलेले असेल तर ते आठव्या दिवशी परत येणार, शिवाय बातमी सोसायटीभर होणार. आणि जुलैच्या गवतापुढे यंत्र हरते हे ताईंनी आधीच सांगितले असेल, तर त्यांच्या बाकीच्या बोलण्याचाही भाव वाढतो. एक दोष आपण होऊन सांगणारा माणूस दुसरा लपवत नसावा, असे ऐकणारा धरून चालतो. दोष सांगून आकडा थोडा उतरला तरी सौदा तुटत नाही.

ताईंच्या बाजूनेही एक गाठ आहे. डॅनिएल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचे मग वाटले आणि विचारले, कितीला विकाल? बाकीच्यांना विचारले, कितीला घ्याल? ज्यांच्या हातात काही मिनिटांपूर्वी मग आला होता त्यांनी मागितलेला भाव घेणाऱ्यांच्या भावाच्या दुपटीच्या आसपास होता. काही मिनिटांच्या मालकीने हे होते, तर एक अख्खा पावसाळा, घामाने भिजलेली मूठ आणि पहिल्यांदा सारखी दिसलेली हिरवळ यांनी किती होत असेल? ताईंना 'जेमतेम पाच वेळा वापरले' हे वाक्य साडेचार हजारांचे वाटते. घेणाऱ्याच्या कानाला ते 'जुने' एवढेच ऐकू येते.

शिवाय ऋतू. नोव्हेंबरात हे यंत्र कुणी फुकट दिले तरी ठेवायचे कुठे हा प्रश्न. मृग लागायच्या आठवडाभर आधी, आभाळ भरून येऊ लागले की तेच यंत्र हवेसे होते. पावसाळी चार-साडेचार महिने, दर दहा दिवसांनी एकदा, म्हणजे वर्षाला तेरा-चौदा वेळा. माळ्याला एका खेपेचे जे पैसे द्यावे लागतील त्यांना चौदाने गुणा. घेणारा मनात हा गुणाकार करतोच, तेव्हा विकणाऱ्यानेही तो आधी करून ठेवावा.

पण घेणारा शेजारी आहे. त्याने गुणाकार करून झाल्यावर आणखी एक विचार केलेला असतो: विकत कशाला घ्यायचे, मागून आणले तर? वर्षातून चौदा वेळा लागणारी, एका वेळी अर्धा तास लागणारी वस्तू मराठी घरांत कधीच प्रत्येकाची नसते. पुरणयंत्र होळीला चार घरे फिरते. शेवयांचे यंत्र, चकलीचा सोऱ्या, लांब शिडी, बटाट्याच्या किसाची मोठी किसणी, या सगळ्या वस्तूंना मालक एक असतो आणि घरे अनेक. ताईंचे यंत्र त्या पावसाळ्यात शेजारच्या दोन हिरवळींवर फिरून आलेले असण्याची शक्यता मोठी. ज्यांनी ते फुकट वापरले त्यांनाच आता विकत घ्या म्हणायचे आहे! यावर एक व्यवहारी तोड आहे, तिघा-चौघांनी मिळून घ्यायची. पण मग धार कुणी लावायची, आणि पावसाच्या उघडिपीच्या त्या एकाच रविवारी पहिला नंबर कुणाचा, हे ठरवायला सोसायटीची सर्वसाधारण सभा लागेल.

शेजाऱ्याशी भाव बोलण्याची भाषाही वेगळी.

"किती सांगताय, ताई?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं, काका. तुम्हीच बघून सांगा."

यात कुणीही आकडा सांगितलेला नाही आणि दोघेही अडकले आहेत. कमी सांगावे तर मन दुखावते, जास्त सांगावे तर आपले दुखते. अनोळखी माणसाशी हा सौदा दोन मिनिटांत फिसकटला असता किंवा जमला असता. इथे तो तीन दिवस, दोन चहा आणि एका लग्नाच्या आमंत्रणानंतरही उभाच असतो. माझ्या मते आकडा विकणाऱ्यानेच आधी सांगावा, त्याचे कारण सांगावे आणि थोडी जागा सोडावी. 'नवे सहाचे, एक सीझन झाला, धार लावून देते, साडेतीन.' साडेतीन का, हे सांगितले की घासाघीस यंत्राविषयी होते, माणसाविषयी होत नाही.

कायदा या ओसरीत फारसा येत नाही, पण आहे. माल विक्री अधिनियम १९३०चा, बडिंगच्या पेटंटनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लागू झालेला. त्याच्या कलम १६चा रोख साधारण असा की मालाच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. अपवाद मुख्यतः त्या मालाचाच धंदा करणाऱ्यांच्या बाबतीत. जिन्याखालचे एक यंत्र विकणाऱ्या ताई काही गवतयंत्रांच्या व्यापारी नाहीत. मात्र खोटे सांगून विकले तर १८७२चा करार कायदा घेणाऱ्याला सौदा रद्द करण्याची वाट देतो. आणि माल विक्री अधिनियमाचे कलम २७, जे विकणाऱ्याचे नाही ते त्याने विकले तरी घेणाऱ्याचे होत नाही, अपवाद थोडे. म्हणून फोनवरचे खरेदीचे बिल शोधून दाखवावे. शेजाऱ्यात बिल मागायचा संकोच असतो, न मागता दाखवले तर तो राहत नाही.

आता घेणारे काका हे पद्मानगरात आयुष्यभर जॉबरचे काम करून मुलाकडे राहायला आलेले गृहस्थ आहेत असे धरू. असे लोक या नव्या सोसायट्यांत खूप. त्यांनी ताईंची प्रस्तावना ऐकून घेतली, यंत्र उलटे केले आणि वर्तमानपत्र मागितले. कागद फिरवून झाल्यावर डोळे मिटून रूळ दोनदा हाताने फिरवला. "चालू आहे," म्हणाले, आणि तीन हजार दोनशे मोजले. आठ दिवसांची मुदत त्यांना नको होती.

जूनच्या तिसऱ्या रविवारी पाऊस थांबला आणि समोरच्या हिरवळीवरून आवाज येऊ लागला. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मागच्या वर्षी त्यांनी तो आवाज कधी ऐकला नव्हता. ढकलणाऱ्याला तो ऐकू येत नाही, फक्त पाठ दुखते. आता ऐकला. सर-सर-सर-सर, मधे एक रिकामी जागा, पुन्हा सर-सर-सर-सर. पाचातले एक पाते बोलत नव्हते. त्यांना कसेसेच झाले, आणि चप्पल घालून त्या खाली उतरल्या.

काकांनी यंत्र आधीच पालथे घातले होते. पात्याला बोटभर वाक आला होता, आणि पेव्हर ब्लॉकवाल्यांच्या खडीचा एक खडा त्यांनी बाजूला काढून ठेवला होता.

"ताई," ते वर न बघता म्हणाले, "याच्याबरोबर आलेला छोटा पाना तुमच्याकडेच राहिलाय का बघा."